गाडीवर कलम चारशेवीस

लाखांदुरात कुणी म्हणालं, "गाडीचा लाइट लागला," तर ऐकणारा विचारतो, "समोरचा का मागचा?" स्टिअरिंगच्या मागं, मीटरमध्ये, एक तिसराही लाइट असतो आणि तो उजेड पाडण्यासाठी नसतो, ही बातमी आमच्याकडे अलीकडेच आली. पिवळ्या रंगाचं छोटंसं चित्र आहे. गाडी बनवणाऱ्यांना त्यात इंजिन दिसतं. आमचा हा चौरासचा भाग, धानाचा. इथल्या माणसाला त्यात मोटारपंप दिसतो, आणि पंप दिसला की माणूस आधी पाणी बघतो. माझ्या मेहुण्याच्या व्हॅनमध्ये हा लाइट पहिल्यांदा लागला तेव्हा गल्लीतल्या जाणत्यांनी रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, काच धुवायच्या बाटलीत ओतलं, आणि बादलीत उरलं ते टायरांवर मारलं. लाइट जागचा हलला नाही.

"पानी तं काठोकाठ आहे जी भाऊजी," मेहुणा म्हणाला. "मंग हे मोटार कायले लागून रायली?"

मूळ प्रकरण चोरीचं होतं.

पेट्रोल गाडीच्या धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा एक डबा असतो. त्यात बारीक बारीक भोकांची सिरॅमिकची वीट, आणि त्या भोकांच्या भिंतींना प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या धातूंचा लेप. सगळे धातू मिळून काही ग्रॅम. धूर तिथून गेला की विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं पेट्रोल जळून जातं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन होतो. ही कल्पना रेटली युजीन हूद्री नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं. गंमत अशी की जड तेलातून चांगलं पेट्रोल काढायची रीतही यानंच बसवली होती. मग अमेरिकेत लॉस एंजेलिसवर दाटणारं धुरकं पाहून हाच माणूस त्या पेट्रोलचा धूर निस्तरायला बसला. १९५०च्या दशकात त्यानं पेटंट मिळवलं, पण त्या वेळच्या पेट्रोलमध्ये शिसं असे, आणि शिसं लागलं की डबा मरतो. हूद्री १९६२मध्ये वारला. अमेरिकेत डबा सर्रास दिसू लागला तो १९७५च्या मॉडेलांपासून. आपल्याकडे १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, आणि बिनशिशाचं पेट्रोल देशभर व्हायला २००० साल उजाडलं. लाखांदुराला तो कळायला चोर यावे लागले.

मार्च २०२१मध्ये रोडियमचा भाव औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास होता. त्याच महिन्यात सोनं सतराशेच्या घरात. त्या सुमाराला पुणे, नाशिक, ठाणे या भागांतून मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात नाहीसे झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. डबा फोडून चोर आतली भुकटी विकतात, आणि बातम्यांत तिला 'मौल्यवान माती' म्हणत. आमच्याकडे ही बातमी वाचून लोकांनी खोलात चौकशी केली. माती कोणत्या शिवारातली, ही.

पुढं रोडियमचा भाव कोसळला, पण चोरांना ते कुणी कळवलेलं दिसत नाही. मेहुणा लग्नाचं वऱ्हाड घेऊन नागपूरला गेला आणि रात्री हॉलबाहेर गाडी राखायला गाडीतच झोपला. खाली काम सुरू होतं तेव्हा वर तो घोरत होता. ही गोष्ट मला घरात मोकळेपणानं सांगता येत नाही, कारण तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आहे आणि त्याची झोप लहानपणापासूनच गाढ आहे, हे त्या घरात कौतुकानं सांगितलं जातं. सकाळी त्यानं चावी फिरवली आणि हॉलमधलं उरलेलं वऱ्हाड एका दमात उठून बसलं. भंडारा, लाखनी, साकोली असं गर्जत ती व्हॅन लाखांदुरात शिरली तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्या आजी दारात आल्या आणि म्हणाल्या, "चुरन्याचं मशीन इतक्या लवकर कोनं बलावलं?"

अस्सल डब्याची किंमत ऐकून मेहुणा काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "एवढ्यात तं जुनी गाडी येते जी. डब्यासकट." म्हणून बाजारात मिळतो तसला, कोणत्याही गाडीला बसणारा, कापून वेल्डिंगनं जोडायचा स्वस्त डबा आला. खोक्यावर इंग्रजीत त्याच्याबद्दल बरंच चांगलं लिहिलं होतं. आवाज गेला, आजी परत झोपायला गेल्या, मेहुणा खूश झाला. आणि मग उगवलं ते पंपाचं चित्र.

नदी ओलांडली की वडसा. तिथं झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या आहेत. कंपन्या आहेत म्हणून भाऊबीजेनंतर कलाकारांना गावोगाव पोचवणाऱ्या गाड्या आहेत, आणि गाड्या रातोरात धावतात म्हणून मिस्त्रीही आहेत. त्यांतल्या एकाकडे स्कॅनर आहे. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांची एक जागा असते. मेहुण्याच्या समजुतीप्रमाणे ती मोबाइल चार्ज करायची होती, फक्त तसला मोबाइल अजून निघालेला नव्हता. मिस्त्रीनं तिथं वायर खुपसली, पडद्याकडे पाहिलं आणि निकाल दिला: पी-०४२०.

आमच्या चहाटपरीच्या बाकावर एक निवृत्त जमादार बसतात. आलुबोंडा खाता खाता त्यांनी हा आकडा ऐकला आणि हात पुसला.

"चारसेवीस? कोनावर?"

"गाडीवर."

"गाडीवर नाई लागत. ड्रायव्हरवर लागते."

हे आकडे अमेरिकन इंजिनिअरांनी ठरवले. भारतीय दंड संहिता उघडून बसण्याचं त्यांना कारण नव्हतं. तरी डबा आपलं काम करत असल्याचं दाखवतो आणि पुरतं करत नाही, या गुन्ह्याला त्यांनी नेमका ०४२० हाच आकडा द्यावा, याला काय म्हणावं? इकडे १ जुलै २०२४ला दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणूक ४२०मधून ३१८मध्ये राहायला गेली. पण गाडीला ते कुणी कळवलं नाही, आणि जमादारांना कळवूनही उपयोग झाला नाही.

गाडी ही फसवणूक पकडते कशी, ते ऐकण्यासारखं आहे. डब्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, डब्यानंतर दुसरा. पहिला जन्माचा अस्वस्थ. पेट्रोल जरा जास्त, जरा कमी, पुन्हा जास्त, असं इंजिन करत राहतं आणि त्याप्रमाणे त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ असं सारखं वरखाली होतं. डब्यात सेरियमचा ऑक्साइड असतो. तो जास्तीचा ऑक्सिजन साठवून ठेवतो आणि कमी पडला की सोडतो. त्यामुळं पलीकडं निघणारा धूर एकसारखा असतो आणि दुसरा सेन्सर ०.६-०.७ व्होल्टवर स्वस्थ बसून असतो. एखाद्या कचेरीत शेवटच्या टेबलावरचा बाबू पेंगत असला तर समजावं की आधीच्या टेबलांनी काम केलंय; तो खडबडून उठला आणि पहिल्या टेबलासारखीच धावपळ करू लागला, म्हणजे मधे कुणीतरी फाइल न वाचता पुढं ढकलली. दुसरा सेन्सर पहिल्याच्या तालावर नाचू लागला की गाडीचा कॉम्प्युटर हेच ताडतो: मधला डबा नावापुरता आहे. स्वस्त डब्यात पत्रा असतो, वीट असते, खोका तर फारच चांगला असतो. काटकसर होते ती महागड्या धातूंत आणि सेरियममध्ये, जे गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. सेन्सरला दिसतात.

मी हे टपरीवर समजावून सांगितलं. जमादार विचारात पडले.

"म्हंजे झोपलेला बाबू चांगला?"

"या गाडीत तरी."

"मंग मायी चौकशी कायले लावली होती जी?"

दुसऱ्या सेन्सरमुळं लाइट लागतो हे कळल्यावर गावात एकमत झालं की सेन्सर बदलून टाकावा. तक्रार करणाऱ्याची बदली हा उपाय आपल्याकडे जुना आहे. वडशाच्या मिस्त्रीनं मात्र रीतसर काम केलं. आधी गळती पाहिली. वेल्डिंगच्या शिवणीत सुईएवढं भोक राहिलं तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला नसलेला ऑक्सिजन दिसतो, आणि चांगल्या डब्यावरही आळ येतो. इंजिन गार असतानाच चालू करायचं, मागच्या नळीला फडक्याचा बोळा धरायचा आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडायचं. बुडबुडे येतील तिथं भोक. गल्लीतली पोरं या तपासणीवर फार खूश होती. एक भोक निघालं, बुजवलं, मिस्त्रीनं स्कॅनरनं कोड उडवला. थोड्या दिवसांत चित्र परत हजर.

मग मेहुण्याला बॅटरीचा शोध लागला. पट्टा काढून ठेवला आणि परत लावला की रेडिओचं घड्याळ बारावर येतं, लावलेली स्टेशनं पुसली जातात आणि लाइटही जातो. पहिल्यांदा हे साधलं तेव्हा त्यानं टपरीवर सगळ्यांना आलुबोंडे खाऊ घातले. पण कॉम्प्युटर सरळ असतो. तो पाटी पुसून नव्यानं चौकशी बसवतो, आणि दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत तोच गुन्हा दिसला की परत लाइट लावतो. चौकशीलाही त्याच्या अटी असतात: इंजिन तापलेलं पाहिजे, डबा तापलेला पाहिजे, आणि गाडी काही मिनिटं एका वेगानं चालली पाहिजे. आता लाखांदुरात एका वेगानं गाडी कोण चालवणार? शेळ्या आहेत, बंड्या आहेत, हंगामात अर्ध्या डांबरावर धान वाळत पडलेला असतो. गावात म्हणून लाइट लागायचाच नाही. लागायचा तो साकोलीच्या पुढं, राष्ट्रीय महामार्ग ५३ची मोकळी सडक मिळाली की.

यावरून गावानं जे निष्कर्ष काढले ते तर्काला सोडून नव्हते, हे कबूल केलं पाहिजे. पहिला: साकोलीकडच्या पेट्रोलात खोट आहे. म्हणून मेहुणा लाखांदुरातूनच टाकी भरून निघू लागला. लाइट लागला. दुसरा: हवा बदलते. तिसरा निष्कर्ष आजींचा: जागा चांगली नाही. समोरच्या बंपरला लिंबूमिरची आली. ती असताना एक अख्खी फेरी लाइट लागला नाही, कारण त्या दिवशी महामार्गावर काम चाललं होतं आणि गाड्या मुंगीच्या पावलानं जात होत्या. आजींचा शब्द तेव्हापासून आमच्या घरात माझ्या शब्दाच्या वर आहे.

शेवटी मेहुण्यानं मीटरसमोर गणपतीची छोटी मूर्ती चिकटवली, नेमकी त्या चित्राच्या आड. रात्री लाइट लागला की मूर्तीमागं पिवळी प्रभा दिसे. नाटकाला निघालेल्या एका कलावंत बाईंनी हात जोडून विचारलं की ही सोय कुठं करून मिळते.

गाडी या सगळ्या काळात उत्तम चालत होती, आणि खरी अडचण तीच होती. पिकअप तोच, अ‍ॅव्हरेज तेच. ब्रेकचा लाइट लागला तर माणूस थांबतो, कारण मरायची भीती. ऑइलचा लागला तर थांबतो, कारण इंजिन जायची भीती. हा लाइट मागून सायकलवर शाळेत येणाऱ्या पोरीच्या नाकातर्फे लागतो. आपल्या पैशाच्या गाडीत, आपल्या डोळ्यांसमोर, दुसऱ्याची तक्रार! ती निवारायला खिशातले पैसे काढणारा माणूस मी अजून पाहिला नाही, आणि आरशात तर मुळीच नाही. बरं, त्याच रस्त्यावर आमच्या पुढं धानाची पोती लादलेला जुना ट्रॅक्टर असा काळा धूर सोडत चाललेला असतो की मागच्याला दिवसा हेडलाइट लावावा लागतो. त्याच्या मीटरमध्ये लाइट नाही. मीटरच नाही. त्यामुळं तो निर्दोष.

पीयूसीचीही हीच तऱ्हा. पीयूसी नसेल तर कायद्यानं दहा हजारांपर्यंत दंड, म्हणून मेहुणा वेळेवर जातो. उभ्या गाडीच्या नळीत पाइप घालतात. बीएस-४पासूनच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवं. तापलेल्या अवस्थेत, उभ्या उभ्या, तेवढं तो स्वस्त डबाही करून दाखवतो. फोटो काढतात तो नंबरप्लेटचा. मीटरमध्ये कुणी डोकावत नाही. एम एच ३६ पास. मेहुण्यानं ते सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं आणि लाइटाला दाखवलं.

यानंतर आला तो उपाय एका पुतण्यानं मोबाइलवर शोधला. सेन्सर आणि नळी यांच्या मधे एक पोकळ नट बसवायचा, म्हणजे सेन्सर धुराच्या वाटेतून बाहेर येतो आणि त्याच्यापर्यंत झुळूक तेवढी पोचते. तो बिचारा परत शांत, कॉम्प्युटर समाधानी, लाइट बंद. डब्यात फरक नाही, धुरात फरक नाही. मिस्त्रीनं असलं काम करायला नकार दिला. पुतण्यानं पाना उसना आणला. जमादारांनी खाली वाकून नट पाहिला आणि धंद्यातल्या माणसाचं कौतुक त्यांच्या तोंडावर उमटलं. "साक्षीदार फोडला," ते म्हणाले.

दिवाळी झाली. मंडया सुरू झाल्या, नाटकं सुरू झाली. व्हॅन रोज संध्याकाळी वडशाहून कलाकार घेऊन निघायची आणि पहाटे परतायची. अशाच एका रात्री मला मेहुण्याचा फोन आला. आवाजात आनंद होता.

"सुधारना आहे जी भाऊजी! पयले लाइट कायम लागून राहायचा. आता मधीमधी लागते आन् इझते."

या लाइटाची भाषा दोनच वाक्यांची आहे. स्थिर असला तर त्याचा अर्थ, सवडीनं दाखवा. लुकलुकू लागला तर, आत्ता थांबा. कुठल्यातरी सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नसते. तिथलं पेट्रोल न जळता नळीत उतरतं आणि तापलेल्या डब्यात जाऊन पेट घेतं. मग डबा लाल होतो, आतली वीट वितळते. मी फोनवर ओरडून हे सांगत होतो, पण मागच्या सीटवर खलनायक आपली पल्लेदार वाक्यं पाठ करत होता आणि माझ्या आवाजाला त्याच्यापुढं टिकाव नव्हता. गाडी गचके खात होती. कलाकारांना वाटलं, रस्ता आहे. आमच्याकडे गचक्यांची जबाबदारी गाडीवर यायला फार वेळ लागतो. नाटक वेळेवर सुरू झालं. तेवढं एक मेहुण्यानं राखलं.

सकाळी व्हॅन टोचन करून वडशाला नेली. स्कॅनर लागला. पी-०३०२. दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. इग्निशन कॉइल गेली होती.

टपरीवर मी आकडा सांगितला तेव्हा जमादार उभे राहिले. चारशेवीसच्या आरोपीवर पुढं तीनशेदोन लागलेलं त्यांनी नोकरीत पाहिलं होतं म्हणे, पण व्हॅनच्या बाबतीत पहिल्यांदाच. "मयत कोन?" त्यांनी विचारलं. मयत होता डबा. सोडवून हलवला तर आतले तुकडे खुळखुळत होते. कॉइल गुन्हेगार, डबा मेलेला, आणि जो आरडाओरडा करू शकला असता त्या साक्षीदाराच्या तोंडात आपणच नट कोंबलेला. खून आता १०३व्या कलमाखाली येतो आणि चोरी ३०३मध्ये गेली आहे, असं मी म्हणताच जमादारांनी मला बसवलं. सायलेन्सर नेणारा ३०३मध्ये आणि गाडी म्हणते ३०२, म्हणजे तपास बरोबर शेजारच्या घरापर्यंत आलाय, असं त्यांचं मत पडलं.

मग कॉइल बदलली आणि अस्सल डबा आला. पैसे कुठून आले ते मला ठाऊक आहे, कारण बायकोनं मला विचारलं नाही. पोकळ नट काढला. दुसरा सेन्सर त्याच्या जागी गेला आणि स्कॅनरच्या पडद्यावर त्याची रेघ सरळ, सुस्त, बघायलाही कंटाळा यावा अशी. मिस्त्रीनं ती रेघ आम्हाला अभिमानानं दाखवली. मूर्तीमागची प्रभा गेली याचं वाईट वाटलं ते एका त्या कलावंत बाईंनाच.

आता मात्र मेहुण्याची झोप उडाली. एवढ्या महागाचा डबा खाली उघडा लटकतोय, या विचारानं तो रात्री उठून बॅटरी मारून येऊ लागला. शेवटी त्यानं गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून डब्याभोवती सळयांचा पिंजरा करून घेतला. बॅटरीचा पट्टा न काढता, सेन्सरच्या वायरवर ठिणग्या पाडत. पिंजरा असा झाला की चोराचा हातच काय, पानाही आत जाणार नाही. दुसऱ्या दिवशी पंपाचं चित्र हजर. वडशाचा मिस्त्री खास लाखांदुरात आला. पी-०१४१, म्हणजे दुसऱ्या सेन्सरच्या हीटरची वायर. वायर पिंजऱ्याच्या आत होती.

संध्याकाळी मिस्त्री ग्राइंडर घेऊन व्हॅनखाली सरकला. मेहुणा बॅटरी धरून बसला, पुतण्या वायर सांभाळत होता, आजी दारात उभ्या, मी काही कामाचा नसल्यानं बाजूला. ठिणग्या उडू लागल्या तसे जमादार आवाज ऐकून आले.

"आता काय निंगालं?"

"एकशेएकेचाळीस."

"बेकायदेशीर जमाव," जमादार क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "पाच किंवा पाचापेक्षा जास्त." त्यांनी बोटानं एकेकाला मोजलं, वाकून व्हॅनखालचे पायही धरले. "बराबर पाच होतात," ते म्हणाले, आणि दाराजवळची खुर्ची ओढून स्वतःही बसले.